लॅपटॉप मेला, डिझाईनं आत अडकली. दुकानात ठेवून येऊ का?

नक्षीवाली

मी टॉवेल आणि जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरींची डिझाईनं करते. घर सोलापूरच्या पूर्वभागात, काम घरूनच, कारखाने बहुतेक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले. काल संध्याकाळी लाइट सारखी जायला-यायला लागली आणि त्यात लॅपटॉप बंद पडला, तो उठायलाच तयार नाही. चार्जर लावला की बाजूचा पांढरा दिवा एकदा लुकलुकतो आणि विझतो. पंखा फिरत नाही, स्क्रीन काळी, आवाज कसलाच नाही. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरून पाहिलं. भावाचा त्याच कंपनीचा चार्जर लावून पाहिला. फरक शून्य.

विंडोज ११ आहे, आत ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी आहे, पण ती दिवाळीपर्यंतची. त्यानंतरचं सगळं आतच आहे: हॉटेलांच्या लोगोचे टॉवेल, लहान मुलांच्या टॉवेलांचा एक अख्खा सेट आणि मोराच्या नक्षीची एक चादर, जिची नुसती किनारच रंगवायला मला किती रात्री लागल्या ते मलाच माहीत. सॅम्पल संक्रांतीच्या आत द्यायचंय. गड्ड्याची जत्रा सुरू झाली की कोण कुठं सापडतंय हे सोलापूरकरांना सांगायला नको.

दुकानात नेला होता. तिथल्या मुलानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, ठेवून जा, बदलून विंडोज टाकून देतो, डेटाची गॅरंटी नाही. मी परत घरी घेऊन आले.

मला दुरुस्तीची घाई नाही, फायलींची आहे. आणि अजून एक. ही डिझाईनं माझी एकटीची नाहीत, कारखान्यांची आहेत. एकाचं डिझाईन दुसऱ्याच्या मागावर दिसलं तर मला पूर्वभागात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कुणाच्या हातात द्यावा आणि काय सांगून द्यावा?

होटगीरोड

माझा असाच झाला होता. मागचं झाकण उघडून रॅम काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, परत लावली, चालू झाला! करून बघा, फुकटचा उपाय आहे.

मल्टीमीटर

होटगीरोड, खोडरबर चुकीचा नाही, पण तो पंखा फिरतोय आणि स्क्रीन येत नाही तेव्हाचा. इथं पंखाच हलत नाही. रॅमपर्यंत गाडी पोचलेलीच नाही.

ताई, लॅपटॉप परत घेऊन आलात हे बेस केलंत. मी नव्या पेठेत बोर्डाचं काम करतो, रोज हेच बघायलोय. लॅपटॉप दुरुस्त करणं हे एक काम आणि फायली काढणं हे दुसरं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “बंद पडलाय, बघा.” एवढंच. मग दुकानदार काय बघणार? मशीन चालू करून देणं. त्याच्या हिशेबानं विंडोज नव्यानं टाकलं, स्क्रीन आली, बिल झालं. तुमचा मोर त्यात पुसला गेला हे त्याला माहीतच नसतं, कारण तुम्ही मोराचं नावच काढलेलं नसतं. दुकानदार लबाडच असतो असं नाही, त्याला ते सांगितलेलं नसतं इतकंच. तेव्हा लॅपटॉप दुकानात जाऊ द्या, डिस्क घरी राहू द्या. डिस्कशिवायही बोर्ड दुरुस्त करता येतो आणि तपासताही येतो. कंपनीचं चिन्ह आलं, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरता आलं की बोर्ड उठला. त्यासाठी तुमची डिस्क कुणाला लागत नाही. जो म्हणेल लागते, त्याला विचारा कशाला.

आता दिव्याचं. लुकलुकून विझतो म्हणजे चार्जरचा करंट बोर्डापर्यंत येतोय, पण पुढं कुठंतरी शॉर्ट आहे, आणि चार्जर स्वतःला वाचवायला मागं हटतोय. १९ व्होल्टच्या लाइनवर तांदळाच्या दाण्याएवढा एखादा सुटा भाग, कॅपॅसिटर किंवा मॉस्फेट, बसतो खाली. पूर्ण बोर्ड गेला असं दोन मिनिटांत नुसतं बघून कुणालाच कळत नाही. तुमची एसएसडी ३.३ व्होल्टवर चालते, ती या भानगडीपासून बरीच लांब असते. अशा केसमध्ये डिस्क बहुतेक वेळा धडधाकट निघते. फक्त आता पुन्हापुन्हा चार्जर लावून बघू नका. शॉर्ट असलेल्या बोर्डात करंट ढकलून भलं काही होत नाही.

डिस्क काढायला कुठल्याही ओळखीच्या माणसाकडं जा आणि समोर बसून काढून घ्या. खालचं झाकण, त्यानंतर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवायची, मगच डिस्कला हात. एम-डॉट-टू डिस्क असेल तर एकच स्क्रू असतो. २२ मिलीमीटर रुंद, ८० लांब अशी हिरवी-काळी पट्टी. ती खाचेतून तिरकी वर येते, सरळ उपटायची नाही. कागदात गुंडाळून पर्समध्ये टाका आणि मग लॅपटॉप खुशाल ठेवून या.

पट्टी वाचायला यूएसबीचा डबा मिळतो, हजार-दीड हजारात. घेताना एकच भानगड आहे. एम-डॉट-टू दिसायला सारखी, पण आत दोन जाती: साटा आणि एनव्हीएमई. एका जातीच्या डब्यात दुसरी चालत नाही, आणि मग माणूस म्हणतं डिस्क मेली. दोन्ही चालणारा डबा मागा. लावल्यावर विंडोजनं “फॉरमॅट करायचं का?” असं विचारलं तर काहीही झालं तरी नाही म्हणायचं.

लॅपटॉप फार पातळ असेल तर डिस्क बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असू शकते. तेव्हा ही युक्ती नाही. मग बोर्ड निदान तासभर तरी जिवंत करून त्यातूनच फायली काढाव्या लागतात. उघडल्यावर कळेल.

आणि कारखान्यात लॅपटॉप नेत असाल तर एकदा पंख्याकडं बघा. टॉवेलवाल्यांचे लॅपटॉप उघडले की जाळीवर कापसाच्या लवेची चक्क गादी निघते. आपल्या उन्हाळ्यात, ४०च्या वर पारा असताना, आतला बोर्ड काय सोसत असेल! वरून तीन पिनांच्या प्लगची एक पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात चार्जर घालायची सवय. तो विषय काढला तर मी थांबणार नाही.

मागवाला

मी डिझायनर नाही, माग चालवतो. फायली काढायला वेळ लागला तर एक करा ताई. दिवाळीनंतर जी डिझाईनं मागावर चढली, ती सगळी त्या-त्या कारखान्याच्या जेकार्डच्या कंट्रोलरमध्ये पडून असतात. पेनड्राइव्हनं दिलेली असतात, तशीच पेनड्राइव्हनं परत घेता येतात. फोरमनला चहा पाजा, काढून देतो.

पण लक्षात घ्या, तिथून मिळते ती मागाची जेसी५ किंवा ईपी फाइल, म्हणजे ताण्याचे धागे उचलणारा कुठला हुक कधी उचलायचा एवढंच. तुमच्या बीएमपी चित्रातले रंग, म्हणजे जमीन वेगळी, फूल वेगळं, किनार वेगळी, ते त्यात नसतात. वीण एकदा भरली की उरतं ते काळं-पांढरं. परत तसंच विणायला चालतं. गिऱ्हाईक म्हणालं फूल जरा मोठं करा, की बसा पुन्हा काढत.

आमचे वडील पुठ्ठ्याची कार्डं माळ्यावर ठेवायचे. तेव्हा डिझाईन गेलं म्हणजे उंदरानं खाल्लं असा अर्थ असायचा. बॅकअपही उंदरंच ठरवायची.

नक्षीवाली

सगळ्यांचे आभार. मागवाले दादा, दोन कारखान्यांत फोन केलाय, फोरमन द्या म्हटल्यावर देतो म्हणालेत.

मल्टीमीटर अण्णा, समोर बसून डिस्क काढून घेतली. खरंच एकच स्क्रू. जात एनव्हीएमई निघाली. डबा आणला, भावाच्या लॅपटॉपला लावला, डिस्क दिसली, माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच परत बाहेर आला. त्या डिस्कवर कुलुपाचं चित्र आहे आणि ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतेय! मी आयुष्यात कधी कसलं कुलूप लावलेलं नाही. पासवर्ड टाकला तर घेत नाही. कुणी हॅक केलंय का?

सिस्टीमवाला

हॅक नाही. हे बिटलॉकर आहे, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की मी उत्तर छापून भिंतीला लावलंय.

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांवर, पहिल्यांदा चालू करून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत शिरलात की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. कुणी विचारत नाही, घंटा वाजत नाही. किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते, म्हणून रोज लॅपटॉप उघडताना तुम्हाला काहीच जाणवत नाही. डिस्क त्या बोर्डापासून वेगळी झाली की ती किल्ली मागते. तुमचा लॉगिनचा पासवर्ड वेगळा, ही किल्ली वेगळी. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात.

यातली एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुम्ही लॅपटॉप ठेवून आला असतात आणि त्यांनी बोर्ड बदलला असता, तर नव्या बोर्डावरही हीच किल्ली मागितली असती. मग “डेटा करप्ट झालाय” असं सांगून फॉरमॅट. म्हणजे डेटा कुठंही गेलेला नव्हता, फक्त किल्ली कुणी शोधली नव्हती.

किल्लीची एक प्रत त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. फोनवरून खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप, तिथं बिटलॉकरची की. यादीत एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर स्क्रीनवर जो की आयडी दाखवतोय त्याची पहिली आठ अक्षरं जुळवा, त्याच्यापुढची किल्ली तुमची. ती टाकायला विंडोज प्रो लागत नाही, भावाच्या विंडोज होममध्येही कुलूप उघडतं.

किल्ली कुठंच नसेल तर मात्र मूळ बोर्डच दुरुस्त करून उठवणं एवढाच मार्ग, तोही उठला नाही तर संपलं. कुणी “तोडून देतो” म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

तुमच्या दुसऱ्या काळजीचं उत्तरही यातच आहे. त्या दुकानातल्या मुलानं डिस्क काढून दुसरीकडं लावली असती तरी त्याला एक फूलही दिसलं नसतं.

नक्षीवाली

माझ्या खात्यात काहीच नाही!! डिव्हाइसेसमध्ये फक्त जुना फोन दिसतोय.

सिस्टीमवाला

लॅपटॉप घेतला तेव्हा सुरू कुणी करून दिला होता? त्याचा ईमेल टाकला गेला असेल. नव्वद टक्के घरांत भाचा असतो.

नक्षीवाली

भाचाच! पुण्याला असतो. रात्री फोन केला, तर त्याच्या खात्यात माझा लॅपटॉप “मावशी” नावानं बसलेला. आठ गट त्यानं वाचून दाखवले, मी टाकले, कुलूप उघडलं.

पण आता नवीनच. माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये गेले, परवानगी नाही म्हणालं, कंटिन्यू दाबलं, बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि आत गेल्यावर डेस्कटॉपचं फोल्डर रिकामं. मी सगळं काम डेस्कटॉपवरच ठेवते. एकही फाइल नाही. हात कापायलेत माझे.

सिस्टीमवाला

थांबा. एक पायरी मागं या. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्येच वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची वेबवरची साठवण) नावाचं फोल्डर असेल, त्याच्या आत दुसरा डेस्कटॉप आहे. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला की विंडोज डेस्कटॉप उचलून तिकडं नेऊन ठेवतं, जुनी जागा रिकामी राहते.

तिथं काही फायलींवर ढगाचं चिन्ह दिसलं तर त्या फायली डिस्कवर नुसत्या नावापुरत्या आहेत, खरा माल वेबवर आहे. तो भाच्याच्याच खात्यातून उतरवावा लागेल. फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली असेल तर ढगावर काही नवीन गेलंही नसेल, मग सगळं डिस्कवरच सापडेल.

शेवटचं_वर्ष

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क टक-टक आवाज करतेय. आत प्रोजेक्टचा सगळा डेटा. मित्र म्हणतोय विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क चालवू, दुसरा म्हणतोय प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. कुणाचं ऐकू?

मल्टीमीटर

दोघांचंही नको. आधी ती बंद कर. ताईंची एसएसडी आहे, तिच्यात फिरणारं काही नाही. तुझ्यात तबकड्या फिरतात आणि वरची सुई अडखळायलीय. प्रत्येक टकला ओरखडा पडायची शक्यता असते. फ्रीजरमधून काढली की आत दव धरणार, आणि चेकडिस्क तर आजारी माणसाला पळायला लावतं, वर स्वतःच लिहाखोडही करतं.

आवाज सतत येत असेल तर ते माझ्यासारख्याचंही काम नाही, धूळ नसलेल्या खोलीत उघडणाऱ्यांचं आहे. ते पुण्या-मुंबईकडं. पाठवण्याआधी “डेटा निघाला नाही तर किती घेणार” हे लिहून घे. डिस्क नुसती हळू वाचत असेल, अडकत असेल, पण टकटक नसेल, तर लिनक्सवरून जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमनं अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घे. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागा टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडं वळतं. मग जे काय खेळायचं ते त्या प्रतिमेवर, मूळ डिस्क कपाटात.

नक्षीवाली

मिळाल्या!! वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉपवर सगळ्या. ढगाचं चिन्ह एकावरही नव्हतं, ५ जीबी कधीच भरलेले होते. आधी चालू ऑर्डरी कॉपी केल्या, मग बाकीच्या, आणि प्रत्येक फोल्डरमधली एखादी फाइल उघडूनही बघितली. डिझाईनच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (त्याच्याशिवाय ते चालत नाही) भावाच्या लॅपटॉपला लावला, चालला.

मोराची चादर मात्र शून्य केबी. बंद पडला तेव्हा तीच उघडी होती आणि सेव्ह चाललं होतं. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये आपोआप ठेवलेली जुनी प्रत सापडली, पण तिच्यात मोराला पिसारा नाही. मग आठवलं, मालकांना दाखवायला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. माझ्या फोनात फोटो आहे, पण तो काय कामाचा? १३४४ हुकांचं डिझाईन, एक पिक्सेल म्हणजे एक ताणा गुणिले एक बाणा. फोटो म्हणून गेलं की कडा पुसट होतात, सहा रंगांचे शेकडो होतात, पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्याभोवती राखाडी धूर. साफ करण्यापेक्षा नवं काढणं बरं.

मागवाला

मालकांना विचारलंत का, की फोटोशिवाय डॉक्युमेंट म्हणूनही आलं होतं का? डॉक्युमेंट म्हणून गेलं तर बीएमपी जसंच्या तसं राहतं. तुम्ही लॅपटॉपवरून पाठवलं असेल तर तुमच्या फोनात ते उतरलेलं नसेल, पण त्यांनी उघडलं असेल तर त्यांच्या फोनात असेल. आज विचारा. उद्या ते फोन साफ करतील, मालक लोकांना गुड मॉर्निंगनं जागा पुरत नाही.

नक्षीवाली

दादा, होतं! डॉक्युमेंट म्हणून, पिसाऱ्यासकट. किनारीचे शेवटचे रंग तेवढे त्यात नाहीत, ते आज रात्री करते.

शेवटचं एक विचारते. बोर्ड बदलून घेऊ की दुरुस्त करू? आणि ही डिस्क परत त्यातच घालू का?

मल्टीमीटर

बदलू नका, आधी दुरुस्ती बघा. शॉर्ट असलेला एक भाग काढून दुसरा लावणं बोर्डाच्या किमतीच्या मानानं फार स्वस्त पडतं. काम करणाऱ्याला एवढंच विचारा, “शॉर्ट कुठल्या लाइनवर आहे?” उत्तर आलं तर द्या, “बोर्डच गेलाय” म्हणाला तर दुसरीकडं जा. माझ्याकडंच या असं नाही म्हणत, चिपलेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग बदलून, काम करणारे गावात आहेत.

दुरुस्त होऊन आला की डिस्क तीच घाला, ती चांगली आहे. तोच बोर्ड राहिला तर बहुतेक किल्ली मागणार नाही, मागितलीच तर भाचा आहे. पण त्याच्या भरवशावर राहू नका, ते ४८ आकडे कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि लॅपटॉप उठला की खातं तुमच्या ईमेलवर घ्या.

दुरुस्तीला देताना डोंगल काढून घ्या. मागच्या महिन्यात एका डिझायनरचा माझ्याच टेबलावर राहिला होता, बिचारा दोन दिवस घरभर शोधत होता.

शेवटचं_वर्ष

मल्टीमीटर काका, बंद केली. आवाज सतत नाही, अधूनमधून आहे. दाखवायला आणू का?

मल्टीमीटर

आण. बसमधून येत असशील तर मांडीवर धरून आण, सॅकमध्ये डब्याखाली नको.